मोहॉकांचा एकावन्नावा प्रमुख

१ ऑक्टोबर १८६९ रोजी व्हिक्टोरिया राणीचा तिसरा मुलगा प्रिन्स आर्थर हा कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ग्रँड रिव्हर नावाच्या नदीकाठी मोहॉक व त्यांच्या सोबतच्या इतर आदिवासी राष्ट्रांच्या वस्तीला समारंभपूर्वक भेट देण्यासाठी गेला. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा लष्करी अधिकारी होता. कॅनडात पाऊल ठेवताच क्वेबेक येथे त्याला या लोकांचे मानपत्र मिळाले होते व त्यात एक विनंती होती : आपण आमच्या वस्तीला यावे आणि आमचे प्रमुखपद स्वीकारावे. त्याने ती मान्य केली. प्रमुखांच्या सभेने त्याला ‘कावाकूज’ असे नाव दिले. थोर आत्म्याच्या मार्गदर्शनाखाली पूर्वेकडून पश्चिमेकडे उडत जाणारा सूर्य, असा त्याचा अर्थ सांगतात. या लोकांच्या सभेत परंपरेने पन्नासच प्रमुख असतात. राणीचा मुलगा हा एकावन्नावा झाला.

मराठी वाचकाला हा राजपुत्र अगदीच अपरिचित नाही. हाच पुढे ड्यूक ऑफ कॅनॉट झाला, १८८६ ते १८९० या काळात मुंबई लष्कराचा सरसेनापती होता, आणि १८८८ साली पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी याच्याच सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी टाकून गेले होते. गव्हर्नर जनरलच्या गादीवर बसण्याआधी, म्हणजे १९११ पूर्वी, या माणसाच्या दोन समारंभांत दोन ठिकाणच्या खालच्या मानल्या गेलेल्या माणसांनी त्याच्यासमोर आपले म्हणणे मांडले. १९११ ते १९१६ या काळात तो कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. पदवीच्या वर्गाला वसाहतवादाचा इतिहास शिकवताना मला ही जोडणी सापडली आणि तेव्हापासून ती माझा पिच्छा सोडत नाही. तसे पाहिले तर एल्गिन, डफरीन, लॅन्सडाउन, मिंटो, विलिंग्डन हे सारेच कॅनडाचा कारभार करून मग दिल्ली-कलकत्त्याच्या गादीवर आलेले. सोलापूरच्या डफरीन चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, हे नाव कॅनडातील आदिवासींवर कायदा लादणाऱ्या राजवटीच्या प्रमुखाचेही आहे? तेव्हा मोहॉकांची गोष्ट ही आपल्या राज्यकर्त्यांच्याच दुसऱ्या खात्यातली गोष्ट आहे, असे समजून ती वाचावी.

आधी हे लोक कोण ते पाहू. ‘मोहॉक’ हे त्यांचे स्वतःचे नाव नव्हे. शेजारच्या शत्रुराष्ट्रांनी दिलेले ते नाव असून त्याचा अर्थ माणसे खाणारे असा आहे. ते स्वतःला ‘कन्येनकेहाका’, म्हणजे गारगोटीच्या प्रदेशातील लोक म्हणवतात. दुसऱ्याने दिलेले शिवीवजा नाव सरकारी कागदात कायम होते आणि आपले नाव आपल्याच घरात राहते, हे काय असते ते या अंकाच्या वाचकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. मोहॉक, ओनायडा, ओनंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांचा एक संघ होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात टस्करोरा त्यात आले आणि तो सहा राष्ट्रांचा संघ झाला. ते स्वतः त्याला ‘होदेनोशोनी’, लांबघराचे लोक, असे म्हणतात. या संघाची पन्नास प्रमुखपदे म्हणजे पन्नास नावे आहेत. माणूस मरतो, नाव मरत नाही. ते पुढच्याला दिले जाते. आणि ते कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार कुळातील वडीलधाऱ्या बाईचा असतो. प्रमुख वाकडा चालू लागला तर तीच त्याला समज देते आणि तरीही तो सुधारला नाही तर पदावरून काढते. प्रमुखपदाची खूण म्हणजे हरणाची शिंगे, म्हणून काढण्याच्या क्रियेला ‘शिंगे उतरवणे’ असे म्हणतात. मनुस्मृती मानणाऱ्या समाजात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून थांबावे लागले. ज्यांना युरोपने रानटी म्हटले त्यांच्या घटनेत राजाला पायउतार करण्याचा अधिकार बाईकडे होता.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात मोहॉकांचा पुढारी जोसेफ ब्रँट आणि त्याचे लोक इंग्रजांच्या बाजूने लढले. इंग्रज हरले, आणि तह करताना आपल्या या दोस्तांचा त्यांना विसर पडला. मोहॉकांची न्यूयॉर्क प्रांतातील वडिलोपार्जित भूमी नव्या अमेरिकेच्या हद्दीत गेली. भरपाई म्हणून २५ ऑक्टोबर १७८४ रोजी क्वेबेकचा गव्हर्नर हाल्डिमंड याने ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांवरचा सहा-सहा मैलांचा पट्टा, मुखापासून उगमापर्यंत, त्यांना व त्यांच्या वंशजांना कायमचा दिला. ती जमीन सुमारे साडेनऊ लाख एकर भरते. आज त्यांच्या ताब्यात पाच टक्केही नाही. कशी गेली? विकली गेली, भाड्याने दिली आणि परत आली नाही, गोऱ्या घुसखोरांनी बळकावली, आणि उरलेल्याचे पैसे सरकारने ‘विश्वस्त’ म्हणून आपल्याकडे ठेवले. त्याच पैशातून ग्रँड नदीत जहाजे चालवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेण्यात आले. ज्यांचे पैसे त्यांना विचारले नव्हते. कंपनी बुडाली, पैसेही बुडाले.

या वस्तीला मिशनची वस्ती म्हणतात त्याचे कारण तेथील प्रार्थनामंदिर. १७१० साली मोहॉकांचे प्रतिनिधी लंडनला ॲन राणीच्या भेटीस गेले होते. त्यानंतर राणीने त्यांच्या जुन्या भूमीतील मंदिरासाठी चांदीची पूजापात्रे पाठवली. युद्धात ती जमिनीत पुरून ठेवली, नंतर उकरून काढली आणि मोहॉकांच्या दोन नव्या वस्त्यांत वाटून घेतली. ग्रँड नदीकाठचे मंदिर १७८५ मध्ये उभे राहिले. ऑन्टारिओतील ते सर्वांत जुने टिकलेले चर्च होय. पुढे न्यू इंग्लंड कंपनी या लंडनच्या मिशनरी संस्थेने तेथे मोहॉक इन्स्टिट्यूट नावाची शाळा काढली व १८३० च्या दशकात मुलांना तेथे ठेवून घेण्यास सुरुवात केली. ही शाळा १९७० पर्यंत चालली. तेथे आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. रोजच्या पातळ लापशीवरून मुलांनी शाळेचे नाव ‘मश होल’, लापशीचे भोक, असे ठेवले होते. आपल्याकडे वसतिगृह हा शब्द निघाला की कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये काढलेले मिस क्लार्क वसतिगृह आठवते. मी स्वतः वसतिगृहातल्या आमटीवर शिकलो आणि माझ्या घरातला पहिला पदवीधर झालो, म्हणून या शब्दाविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. त्यांच्या घरांत याच शब्दाने अजूनही आयाबायांच्या अंगावर काटा येतो. एकाच तऱ्हेच्या इमारतीने एका समाजाला शिडी दिली आणि दुसऱ्याची मुले त्याच्यापासून तोडली. वसाहतवादाने आपल्याला शिक्षण दिले असे आपण सरसकट म्हणतो तेव्हा ही दुसरी बाजूही नोंदवून ठेवली पाहिजे.

आता समारंभाकडे वळू. गव्हर्नर किंवा राजपुत्र येतो तेव्हा मोहॉकांच्या लेखी काय घडत असते? इंग्रजांशी असलेल्या नात्याला ते ‘चांदीची साखळी’ म्हणत आले आहेत. चांदी काळवंडते, म्हणून साखळी वेळोवेळी घासून लखलखीत करावी लागते. घासायची म्हणजे दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसायचे, मागचे करार तोंडाने म्हणून दाखवायचे, तक्रारी मांडायच्या आणि भेटवस्तू द्यायच्या-घ्यायच्या. करारांची आठवण शिंपल्यांच्या मण्यांच्या पट्ट्यांत, ज्यांना ‘वाम्पम’ म्हणतात, गुंफून ठेवलेली असते. त्यातल्या एका पट्ट्यावर जांभळ्या मण्यांच्या दोन समांतर रेघा आहेत : एक त्यांची होडी, एक गोऱ्यांचे जहाज, दोघांनी एकाच नदीतून शेजारी शेजारी जायचे, एकाने दुसऱ्याचे सुकाणू धरायचे नाही. म्हणजे ज्याला गव्हर्नर रंगीबेरंगी स्वागत समजत असे ते यजमानांच्या दृष्टीने कराराचे नूतनीकरण होते. नाव देणे हाही त्याच व्यवहाराचा भाग. नाव दिले की परका नात्यात येतो, आणि नात्यात आला की त्याच्यावर नात्याची कर्तव्ये येतात.

१८६९ च्या समारंभाचे वर्णन पॉलिन जॉन्सन या मोहॉक कवयित्रीने पुढे लिहून ठेवले. तिचे वडील जॉर्ज जॉन्सन हे मोहॉक प्रमुख आणि सरकारी दुभाषी, आई इंग्रज. वस्तीतले लाकूड चोरणाऱ्या आणि दारू विकणाऱ्या गोऱ्यांच्या आड आल्याबद्दल या जॉर्ज जॉन्सनला मरेस्तोवर मार खावा लागला होता. जुन्या मोहॉक चर्चच्या आवारात राजपुत्राच्या पायाखाली जे लाल कापड अंथरले ते याच घरातले. पॉलिन त्या वेळी आठ वर्षांची होती. तिने स्पष्ट म्हटले आहे की, हे पद पन्नास वंशपरंपरागत नावांपैकी नसले तरी त्या पदाने राजपुत्राला सभेत बसण्याचा व मत देण्याचा अधिकार मिळाला. वस्तीच्या जमिनीची विल्हेवाट आणि ओटावा येथे सरकारकडे पडून असलेले जमिनींचे पाच लाखांहून अधिक डॉलर यांविषयीसुद्धा. देशी रीतिरिवाजांना मान देणे हे इंग्लंडच्या यशाचे गुपित, असेही ती कौतुकाने लिहिते. तिच्या कौतुकाशी मी सहमत नाही. पण जमीन आणि पैसा या दोन गोष्टी ती अचूक सांगते, आणि समारंभाचे मर्म तेथेच आहे. ज्यांचे पैसे राणीच्या सरकारकडे अडकले त्यांनी राणीच्या मुलालाच आपल्या पंचांत बसवले. याहून शहाणपणाची चाल त्या परिस्थितीत दुसरी कोणती होती?

पण शहाणपणाला कायद्याने आधीच गाठले होते. त्याच वर्षी २२ जून रोजी, म्हणजे समारंभाच्या अवघे तीन महिने आधी, कॅनडाच्या संसदेने एक कायदा संमत केला. गव्हर्नरने हुकूम काढला तर एखाद्या वस्तीतील परंपरागत प्रमुखांच्या जागी तीन वर्षांसाठी निवडणूक घ्यावी, मतदार फक्त एकवीस वर्षांवरील पुरुष असावेत आणि अप्रामाणिकपणा, दारूबाजी किंवा अनीती या कारणांवरून प्रमुखाला काढण्याचा अधिकार गव्हर्नरचा असावा, अशी त्यात तरतूद होती. कुळातील बाईचा अधिकार एका कलमाने गव्हर्नरच्या खिशात गेला. शिवाय इंडियन बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले तर ती इंडियन राहणार नाही, तिची मुलेही नाहीत, असेही ठरले. हे कलम १९८५ पर्यंत चालू होते. ते उखडण्यासाठी कानावागे येथील मेरी टू-ॲक्स अर्ली या मोहॉक बाईने दोन दशके झुंज दिली. म्हणजे १ ऑक्टोबरला प्रमुख मंडळी राजपुत्राला ज्या सभेत बसवत होती, ती सभाच बरखास्त करण्याचा परवाना ओटावाच्या दप्तरात तयार होता. आणि एक गोष्ट मला विशेष वाटते. पन्नासांपैकी प्रत्येकाची शिंगे उतरवू शकणारी एक बाई होती. एकावन्नाव्याची शिंगे उतरवणारी कोणीच नव्हती.

येथे आपल्याकडच्या मानपत्रांचा व अर्जांचा विचार केल्यावाचून राहवत नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी महारांच्या लष्करभरतीसाठी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला, त्याआधी गोपाळबाबा वलंगकरांनी तशीच खटपट केली होती. या अर्जांतील राजनिष्ठेची भाषा वाचून आमच्यातले काही तरुण अभ्यासक आज नाक मुरडतात. मला ते अन्यायाचे वाटते. साहेब गावात येणार म्हणजे काय, हे माझ्या आजोबांच्या पिढीने वडिलांकडून ऐकले होते : तंबूच्या मेखा ठोकणे, घोड्याला वैरण आणणे, सामान पुढच्या गावापर्यंत डोक्यावरून पोचवणे, आणि यातले काही मोजले जाणार नाही. पाटील-कुलकर्णी साहेबाला हार घालत तेव्हा आमची माणसे लाकडे फोडत असत. अशा माणसांच्या मुलांनी साहेबाच्याच हातात कागद दिला, आम्ही तुमच्यासाठी लढलो, त्याचा हिशेब द्या, असे म्हटले, यात लाचारी कोठे आहे? मोहॉकांचेही म्हणणे हेच होते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की मोहॉक दोस्त म्हणून बोलत होते. १९१४ चे महायुद्ध सुरू झाले तेव्हा सहा राष्ट्रांच्या सभेने आपल्या दोस्तीची खूण म्हणून दीड हजार डॉलर देऊ केले आणि आमचे लढवय्ये हवे असतील तर खुद्द राजाने आम्हांला विचारावे, असा आग्रह धरला. आपल्या पूर्वजांना दोस्तीची जमीनच नव्हती. गावकुसाबाहेरच्या माणसाला आधी प्रजा म्हणून मोजून घेण्यासाठी भांडावे लागत होते.

म्हणूनच फुल्यांचा १८८८ चा प्रसंग मला वेगळा दिसतो. ड्यूकपुढे मानपत्र नव्हते, नाव देणे नव्हते. हिरेमोती घालून बसलेल्या पाहुण्यांवरून या देशाची पारख करू नका, खेड्यांत जाऊन पाहा, आणि राणीला सांगा की तिची गरीब प्रजा शिक्षणावाचून राहिली आहे, असे त्यांनी सांगितल्याचे चरित्रकार नोंदवतात. मोहॉकांनी परक्याला नात्यात घेऊन बांधण्याचा प्रयत्न केला. फुल्यांनी समारंभात घुसून समारंभाचा खोटेपणा दाखवला. दोन्ही मार्ग त्या त्या ठिकाणच्या समाजरचनेतून आले. मोहॉकांच्या घरात वरखाली नव्हते, म्हणून सारे घर एका आवाजात बोलू शकले. आमच्या घरात साहेबाशेजारी बसलेलाच आमचा शोषक होता.

पदवीधर असल्यामुळे मला आणखी एका कलमाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. डफरीन गव्हर्नर जनरल असताना १८७६ मध्ये जो इंडियन ॲक्ट झाला, त्यात असे होते की विद्यापीठाची पदवी घेतलेला, वकील, डॉक्टर किंवा धर्मोपदेशक झालेला इंडियन आपोआप ‘मुक्त’ होईल. म्हणजे कायद्याने इंडियन राहणार नाही. १८८० मध्ये ही सक्ती सैल करण्यात आली, पण त्यामागचा हेतू लपण्यासारखा नाही. शिकलेला माणूस समाजाकडे परतूच नये, याची ती व्यवस्था होती. आमच्या बाबतीत उलटे घडते. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, तरी भाड्याने खोली मागताना आडनाव विचारले जाते. तिकडे शिकले की इंडियनपण काढून घेत. इकडे कितीही शिकलो तरी जात काढून घ्यायला कोणी तयार नाही. मात्र सरकारी कागदाने माणसाची ओळख ठरवायची आणि त्या ओळखीवर हक्क टांगायचे, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच. १९५६ साली आपण बौद्ध झालो आणि अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० पर्यंत आपल्याला नाकारल्या गेल्या, हे आठवून पाहावे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. आर्थर गव्हर्नर जनरल होऊन कॅनडात परत आला. सप्टेंबर १९१२ मध्ये व्हँकुव्हरच्या इस्पितळात कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या पॉलिन जॉन्सनला तो भेटायला गेला, तेव्हा १८६९ चे ते लाल कापड खुर्चीवर अंथरले होते आणि तो त्यावर बसला. माणूस म्हणून तो सौजन्यशील असावा, ते मी नाकारत नाही. पण त्याच्याच कारकिर्दीत, १९१४ मध्ये, इंडियन ॲक्टला अशी दुरुस्ती झाली की पश्चिमेकडील प्रांतांतील आदिवासींनी सरकारी परवानगीवाचून आपल्या पारंपरिक वेषात कोणत्याही जत्रेत वा प्रदर्शनात नाचू नये. ज्याला वेष-रंगांत सजलेल्या माणसांनी नाव दिले, त्याच्या राजवटीत तो वेष परवान्याचा विषय झाला.

सहा राष्ट्रांचा प्रतिनिधी म्हणून डेस्काहे हा कायुगा प्रमुख १९२३ मध्ये जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे गेला. इराण, आयर्लंड, पनामा व एस्टोनिया यांनी त्याचे म्हणणे ऐकावे असा आग्रह धरला. ब्रिटनने ते दाबले. तो परदेशात असतानाच १९२४ च्या शरद ऋतूत कॅनडा सरकारने जुनी सभा मोडून २१ ऑक्टोबरला १८६९ च्या धर्तीवरील निवडणूक घडवून आणली आणि सभागृहाला पोलिसांनी कुलूप लावले. डेस्काहे १९२५ मध्ये वारला. जुनी सभा मात्र संपली नाही. सरकारमान्य परिषदेच्या शेजारी ती आजही भरते आणि आयाबाया आजही प्रमुख नेमतात.

१९९५ साली सहा राष्ट्रांच्या निवडलेल्या परिषदेने कॅनडा आणि ऑन्टारिओ सरकारांवर दावा लावला. त्यात मागणी आहे ती आपल्या जमिनींच्या आणि विश्वस्त निधीच्या हिशेबाची. ४ जुलै २०१० रोजी एलिझाबेथ राणीने टोरान्टो येथे मोहॉकांच्या दोन प्रार्थनामंदिरांना चांदीच्या हातघंटा भेट दिल्या. त्यांवर चांदीच्या मैत्रीसाखळीचा उल्लेख आणि १७१० ते २०१० ही सालें कोरलेली आहेत. त्या दिवशी हिशेबाच्या दाव्याला पंधरा वर्षे उलटून गेली होती आणि हिशेब मिळालेला नव्हता.